तेलाचं ताट

धाकलीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी आज माझ्या हातानं लिहिते आहे. ती या घरात आली तेव्हा कुणी हे माझ्या तोंडून वदवून घ्यायला बघितलं असतं, तर मी समोरचा तांब्या फेकून मारला असता.

धाकली म्हणजे माझी जाऊ, धाकट्या दिराची बायको. मी थोरली. आमचं घर धुळ्यात, आणि घराच्या मागच्या पडवीत पितळी शेंब्या बनवायचं आमचं काम. विळ्याच्या किंवा काठीच्या लाकडी दांड्याचं तोंड फाटू नये म्हणून त्यावर जी पितळी टोपी घट्ट बसवतात, ती शेंबी. फैजपूर-रावेरकडे केळीच्या बागांत जे विळे वापरतात, त्यांना आमच्या शेंब्या असायच्या, कारण केळीच्या चिकानं लोखंड खराब होतं आणि पितळ टिकतं. एवढंच आमचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मत्सर त्याच्यापायी केला.

पितळी पाइपाचे दोन बोटं लांबीचे तुकडे कापायचे, भट्टीत तापवून मऊ करायचे, चिंचेच्या पाण्यात धुवायचे, वाळवायचे. मग प्रेसमध्ये खाली डाय बसवलेली असते. डाय म्हणजे आत निमुळतं भोक असलेला पोलादाचा ठोकळा. तुकडा त्यात ठेवायचा, वरून दांडा ओढला की तुकड्याच्या आत एक गज शिरतो आणि तुकडा खाली दाबला जाऊन एका तोंडाला बारीक होतो. झाली शेंबी. पण त्याआधी प्रत्येक तुकड्याला तेल लावावं लागतं, आणि सगळी मेख तिथे आहे. तेल कमी पडलं तर पितळ डायमध्ये चिकटून बसतं, मग ते ड्रिलनं पोखरून काढावं लागतं आणि डायला ओरखडे जातात. तेल जास्त झालं तर त्याला आत पळायला जागा नसते, ते पितळालाच दाबतं आणि शेंबीवर नखानं टोचल्यासारखा पोचा येतो. जास्त नको आणि कमी नको. नव्या माणसाला सांगून हे कळत नाही, हाताला कळावं लागतं.

तेल म्हणजे नुसतं तेल नव्हे. साक्रीकडची एक मेंढ्या राखणारी ठेलारी बाई दरवर्षी आमच्याकडे न धुतलेली लोकर आणून द्यायची. ती लोकर मोठ्या घमेल्यात उकळली की वर पिवळट चरबी तरंगते. ती काढून, गाळून, एरंडेलात मिसळायची. वास असा की पहिल्यांदा येणारा माणूस पदर नाकाला लावतो. हे मला सासूबाईंनी शिकवलं. माझ्या लग्नानंतर चारच वर्षांनी त्या गेल्या, पण जायच्या आधी त्यांनी ते तेल, ते ताट आणि ती जागा माझ्या हवाली केली. पडवीच्या दारापाशी भिंतीला टेकून बसायचं, मांडीसमोर स्टीलचं मोठं ताट, त्यात पन्नास तुकडे. एकेक उचलून दोन तळहातांत फिरवायचा, मग करंगळीला तेल लावून तोंडाच्या आतून एकदा गोल फिरवायची, आणि ताटात उभा ठेवायचा. ताट भरलं की आबा आतून त्यांच्या अहिराणीत हाक मारायचे, "मोठी, ताट उनं का वं?" म्हणजे, ताट आलं का गं?

आबा म्हणजे माझे सासरे. ते प्रेसपाशी स्टुलावर बसायचे, दांडा माझे यजमान नाहीतर दीर ओढायचे. तेलाला बसलेल्या बाईला त्या वेळात स्वयंपाकघरातून कुणी हाक मारत नसे. पाहुणे आले तरी चहा दुसरं कुणीतरी करायचं. त्या दोन-तीन तासांत मी या घरची सून नव्हते, कारागीर होते. अठरा वर्षं ती जागा माझी एकटीची होती.

आबांची एक पद्धत होती. काम संपलं की दिवसभरातल्या शेंब्यांमधून ते एक निवडायचे, उन्हाकडे धरून फिरवून बघायचे आणि देवघरात नेऊन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ती उचलून मालात टाकायची आणि संध्याकाळी नवी ठेवायची. अठरा वर्षं ती शेंबी अर्थातच माझ्या ताटातली असायची, कारण दुसरं ताटच नव्हतं. मला मात्र ते कधी तसं वाटलं नाही. मला वाटायचं, माझी निवड झाली.

मग दिराचं लग्न झालं. खूप उशिरा झालं, म्हणून जाऊ माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान. फैजपूरची. शिकलेली, उंच, केस असे की मागून बघितलं तरी माझ्या पोटात दुखायचं. पण ते सगळं मी सहन केलं असतं. मला पहिल्यांदा झोंबलं ते तिचं बोलणं. माझं माहेर पहूरचं. मी धुळ्यात आले तेव्हा "मले" म्हटलं की सगळे हसायचे, नणंदा माझी नक्कल करून दाखवायच्या, आणि मी वर्षभरात ते बोलणं गिळून टाकलं. धाकलीनं आल्या दिवसापासून "मले", "तुमाले" सुरू ठेवलं आणि कुणी हसलं नाही. उलट आबा म्हणायचे, पोरगी किती गोड बोलते. माझ्या तोंडात जे गावंढळ होतं ते तिच्या तोंडात गोड कसं झालं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

लग्नानंतर महिन्याभरात ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "अक्का, मले करू द्या ना थोडंसं."

मी हसून दहा तुकडे तिच्यापुढे सरकवले. हसण्याचं कारण चांगलं नव्हतं. मला माहीत होतं की पहिल्या दहांतले निदान सहा चिकटतात नाहीतर पोचे घेऊन येतात. माझे आठ बिघडले होते आणि सासूबाईंनी मला दुपारी भाकर उशिरा दिली होती. मी तिला काही शिकवलं नाही, नुसतं कर म्हटलं. ती मघापासून माझे हात बघत बसली होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दहाच्या दहा शेंब्या लोण्यातून सुरी जावी तशा निघाल्या. आबांनी त्या ओळीनं मांडल्या. "हाई बठ्ठं एकसारखं शे," ते म्हणाले, म्हणजे सगळ्या अगदी सारख्या. मग माझ्याकडे बघून, जणू मलाही आनंदच होणार आहे अशा थाटात म्हणाले, "धाकलीना हात लोनी शे, लोनी."

त्या दिवशी देवघरात कुणाची शेंबी गेली हे सांगायला नको.

दुसरं ताट आलं. माझ्या ताटाच्या काठाला खिळ्यानं पाडलेलं एक भोक होतं, त्यात मी लाल दोरा बांधला, म्हणजे घोटाळा नको. खरं तर घोटाळा व्हायचं काही कारण नव्हतं, दोघींची ताटं दोन बाजूंना असायची. पण मला माझं माझं दिसायला हवं होतं. संध्याकाळी आबा शेंबी निवडायला बसले की मी काहीतरी निमित्त काढून पडवीत जायची. केर काढ, फडकी उचल. ते कोणत्या ढिगाकडे हात नेतात ते बघायची. चार दिवसांतून एकदा ते माझ्या ढिगाकडे वळायचे, आणि त्या एका दिवशी मी वरणात हिंग जरा सढळ हातानं घालायची. उरलेल्या तीन दिवशी माझं सगळ्यांशी वाजायचं. यजमान म्हणायचे, "अगं, माल आपला एकच ना? कुणाच्या का ताटातला असेना." पुरुषांना हे कळत नाही. आपल्या हातचं आणि दुसऱ्याच्या हातचं यात त्यांना फरक दिसत नाही, कारण त्यांच्या हातची भाकर कुणी दुसऱ्याच्या भाकरीशेजारी ठेवून पाहिलेली नसते.

त्यात तिच्या माहेरच्या ओळखीतून फैजपूरच्या एका दुकानदाराचं मोठं काम आलं. म्हणजे हातही तिचाच आणि गिऱ्हाईकही तिचंच. घरात सगळे खूश. मीही तोंडभर कौतुक केलं आणि मोरीत जाऊन विनाकारण भांडी घासत बसले.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग माझी शेंबी अडकायला लागली. आठवड्यातून एखादी, मग दोन. आत शिरलेला गज बाहेर निघेना. मी एरंडेलाला दोष दिला, लोकरीला दोष दिला, थंडीला दोष दिला. आबा काही बोलायचे नाहीत, फक्त अडकलेला तुकडा काढताना एक सुस्कारा सोडायचे. तो सुस्कारा मला पडवीभर ऐकू यायचा. आणि एक दिवस ते आपोआप थांबलं. माझ्या ताटातले तुकडे पुन्हा बिनतक्रार निघायला लागले. मी यजमानांना म्हटलं, "बघितलं? हात परत आला माझा." त्या आठवड्यात देवघरात माझी शेंबी तीन वेळा गेली. मी इतकी फुगले होते की धाकलीला एकदा म्हणाले, करंगळी अशी फिरवायची असते, बघ. ती "हो अक्का" म्हणाली.

एका दुपारी मी जरा लवंडले होते. माझं ताट भरून तयार होतं, पुरुष जेवून आडवे झाले होते. मला लवकर जाग आली. पडवीच्या दाराशी आले तर धाकली भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि तिच्या मांडीवर माझं ताट. लाल दोरा मला स्पष्ट दिसला. ती एकेक तुकडा उचलत होती, त्याच्या तोंडात करंगळी फिरवत होती आणि परत ठेवत होती.

मी मागच्या मागे फिरले. अंगाचा तिळपापड झाला होता. ती काय करते आहे हे मला लगेच कळलं, किंवा कळलं असं मला वाटलं: माझ्या तुकड्यांना ती जास्तीचं तेल लावते आहे, म्हणजे पोचे येतील. त्या आठवड्यात माझ्या ढिगात दोन पोचे निघालेही होते. मग आणखी काय पुरावा हवा होता? तिला तिथेच विचारायला काय हरकत होती, असं आता वाटतं. पण विचारलं असतं तर ती काहीतरी उत्तर देणार, ते उत्तर चांगलं असलं तर मला तिचा राग करता येणार नाही, आणि मला राग करायचा होता. चार वर्षं मी त्या रागाला कारण शोधत होते. ते आयतं चालून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. तिचं ताट भरून ठेवलेलं होतं. मी फडकं घेतलं. नुसत्या फडक्यानं हे तेल निघत नाही हे मला माहीत होतं, म्हणून डब्यातलं चिमूटभर ज्वारीचं पीठ फडक्यावर घेतलं. तेलकट हात आपण पिठानं कोरडे करतो, तसं. मधल्या ओळीतले बारा तुकडे मी आतून-बाहेरून पुसले आणि होते तसे उभे करून ठेवले. इतकं नीटनेटकं काम मी कितीतरी दिवसांत केलं नव्हतं. वर तिच्या बांगड्यांचा आणि दोरीवर टाकलेल्या कपड्यांचा आवाज येत होता. मग मी स्वयंपाकघरात जाऊन कढीला फोडणी दिली.

तासाभरानं पडवीतून पहिली किंचाळी आली. माणसाची नव्हे, पितळाची. कोरडं पितळ पोलादाला घासलं की दात आंबल्यासारखे होतात. यजमान म्हणाले, "हे काय?" दोन तुकडे तसेच कर्कश निघाले. त्यांनी तिथेच थांबायला हवं होतं, पण पुढचा लावला. दांडा अर्ध्यात अडला. त्यांनी जोर केला, दिरानं वरून हात दिला, आणि कडाक असा आवाज झाला.

मला एक शेंबी चिकटायला हवी होती. फार तर दोन. आबांनी एक सुस्कारा सोडावा आणि त्या संध्याकाळी देवघरात माझी शेंबी जावी, एवढंच माझं मागणं होतं. डायला तडा जाईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. ती डाय आबांनी तरुणपणी जळगावच्या एका लेथवाल्याकडे बसून स्वतः बनवली होती. तिचं भोक त्यांनी दोऱ्याला पॉलिश लावून, दोरा आतून ओढून ओढून घासलं होतं, महिनाभर. हे ते आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे.

आबा स्टुलावरून उठले. डाय काढून त्यांनी उजेडात धरली. तड्यापाशी तेल आणि काहीतरी पांढरं मिसळून चिकट झालं होतं. त्यांनी ते बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. ज्वारीच्या पिठाचा वास त्यांना कळला नसेल असं मी आजपर्यंत स्वतःला पटवू शकलेले नाही. मग त्यांनी बोट धोतराला पुसलं.

"हाई ताट कोनं शे?"

धाकली पुढे झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तेल कमी पडनं," आबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

ती रडायला लागली. त्यांच्या पायाशी बसली, म्हणाली माझं लक्ष नव्हतं, माझी चूक झाली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे, बेटा. लोखंडच शे ते." आणि तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, मला त्या क्षणीही जळफळाट झाला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या डोक्यावर कधी हात ठेवला नव्हता. कसा ठेवणार, माझ्या हातून कधी काही मोडलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी देवघरात कुणाचीच शेंबी गेली नाही.

पंधरा दिवस काम बंद. दुसरी डाय कुठून आणायची यावर घरात खल चालला होता. यजमानांना मोबाइलवर काहीबाही बघायची सवय. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. कुठल्याशा देशात एक गोरा म्हातारा घरच्या टेबलावर पिस्तुलाची झाडलेली काडतुसं पुन्हा भरत होता. आपल्याकडे कुणी असलं घरी करायला बसलं तर पोलीस उचलून नेतील, तिकडे तो चहा पीत करत होता. काडतुसाची रिकामी पितळी नळी तो डायमध्ये दाबत होता. आमचंच काम! आणि आधी तळहातावर फिरवून तेल लावत होता. यजमान भाषांतर करून सांगत होते: तो म्हणतो, मेंढीच्या लोकरीची चरबी आणि एरंडेल. मी खुर्चीतून उठलेच. आमच्या सासूबाईंचं औषध त्या बाबाला कुणी सांगितलं? मला त्याचाही हेवा वाटला, यावरून माझी तेव्हाची तब्येत ओळखा.

पण त्या म्हाताऱ्यानं पुढे जे सांगितलं त्यानं माझं वाटोळं केलं. पिस्तुलाच्या सरळ नळीला पोलादाहून कठीण अशा कार्बाइडची डाय वापरली तर तेल लागतच नाही, कोरडी नळी घातली तरी सरळ निघते. बाटलीसारखी मान असलेल्या नळीलाच तेल हवं. यजमान म्हणाले, "आपली शेंबी जवळजवळ सरळच की."

कार्बाइडची डाय आली. हाताच्या मुठीएवढी, आतून आरशासारखी. पहिला तुकडा त्यांनी तेल न लावता घातला. मी आणि धाकली दोघी दारात उभ्या. आवाजसुद्धा झाला नाही. आबांनी शेंबी हातात घेतली, फिरवली, आणि दारातल्या आम्हा दोघींकडे न बघता म्हणाले, "आते तेलनी गरज नही."

एका वाक्यात माझी तेवीस वर्षं संपली. मी तिची जागा घालवायला गेले आणि जागाच घालवून बसले. ताटं माळ्यावर गेली. आबांनी देवघरात शेंबी ठेवणंही सोडलं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, आता सगळ्याच सारख्या निघतात, निवडायचं काय?

वर्षभरात मोटरची प्रेस घेतली आणि काम नरडाण्याच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये गेलं. धाकली रोज डबा घेऊन पुरुषांबरोबर जायला लागली. माल तपासणं, गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणं, सगळं तिच्याकडे. फोनवर गिऱ्हाइकांशीसुद्धा "मले" म्हणायची आणि त्यांनाही ते गोड लागायचं. मी घरी. पडवीत आता धान्याच्या कोठ्या आहेत. आबांना मी दुपारी पेज द्यायची, ते भिंतीपाशी, माझ्या जुन्या जागी बसून घ्यायचे. त्या दोन वर्षांत आम्ही खूप वेळ एकत्र बसलो. डायबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. मग ते गेले.

गेल्या उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजला का ते मी बोटानं बघत होते, आणि नात ओरडली की आजी, बोट भाजतंय. मला काहीच कळलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं. साखर वाढलेली होती, आणि दोन्ही हातांची बोटं टोकांशी बधिर. हे आजचं नाही, म्हणाले, कितीतरी वर्षं हळूहळू चाललेलं असणार. मी ते ऐकलं आणि गोळ्या घेऊन घरी आले. दुसरं काही मनात आलं नाही. किंवा आलं आणि मी त्याला आत येऊ दिलं नाही.

या वर्षी माघात एक निराळं काम आलं. कुणाला तरी लांब, निमुळत्या मानेच्या शेंब्या हव्या होत्या, हातातल्या काठ्यांसाठी. बाटलीच्या मानेसारख्या. कार्बाइडची डाय असूनही त्या चिकटायला लागल्या. यजमान हसत घरी आले. "तुमचं तेल पाहिजे." मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

ठेलारी बाईची सून लोकर घेऊन आली. मी घमेलं चढवलं, चरबी काढली, घरभर तो वास झाला. माळ्यावरून दोन्ही ताटं उतरवली. माझ्या ताटाला लाल दोरा अजून होता, धुळीनं काळा पडलेला. रविवारी सकाळी आम्ही दोघी पडवीत कोठ्या सरकवून बसलो. इतक्या वर्षांनी. माझं ताट तिच्या आधी भरलं, आणि मी मनातल्या मनात तेही मोजलं.

मग तिनं माझं ताट आपल्या मांडीवर ओढलं. एक तुकडा उचलला, त्याच्या तोंडात करंगळी फिरवली, खाली ठेवला. दुसरा उचलला.

"हे काय करतेस?" मी म्हटलं. आवाज चढला होता.

तिनं वर बघितलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं. "मी तं पहिलेपासून करते, अक्का. तुमचं बोट आतून कोरडंच फिरायचं. तुमच्या बोटाले कळत नव्हतं." तिनं तिसरा तुकडा उचलला. "तुमचे तुकडे अडकायले लागले होते ना तवा. आबा सुस्कारे टाकायचे, मले ते ऐकवत नव्हतं. म्हणून तुम्ही निजल्या की मी तुमचं ताट पाहून घ्यायची. तुमाले सांगितलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं."

परत आलेला माझा हात, देवघरातल्या माझ्या त्या तीन शेंब्या, करंगळी अशी फिरवायची असते बघ, हे सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं.

ती तुकडे करतच होती. खाली बघून म्हणाली, "म्हणून तं ती डाय गेली, अक्का. रोज तुमचं ताट करायच्या नादात माझ्या ताटाकडे माझं ध्यान राहिलं नाही. मधली ओळ बिनतेलाची राहून गेली. आबांची डाय माझ्यानं गेली. मी कोनाले सांगितलं नाही, पण नरडाण्याले जाताना रोज मनात येते." तिनं मनगटानं डोळे पुसले, कारण बोटांना तेल होतं. "तुमचं काम माझ्यानं गेलं. मले माफ करा."

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला काय वाटलं ते. मला वाटलं, चूक माझी आणि माफीसुद्धा हिनंच आधी मागितली. इथेही माझ्यावर कडी केली. आणि दुसरं वाटलं, ते जास्त वाईट होतं: हिला असंच वाटू दिलं तर कुणाचं काय बिघडतं? आबा गेले. पीठ कुणाला आठवणार?

मग मी माझा हात तिच्या तेलकट हातावर ठेवला. तिचा हात गरम आहे की गार, ते माझ्या बोटांना कळेना.

"तुझी ओळ कोरडी राहिली नव्हती," मी म्हटलं. "तू गच्चीवर होतीस. मी पुसली. पीठ लावून."

तिची करंगळी तुकड्याच्या तोंडात तशीच राहिली. मग तिनं हात माझ्या हाताखालून काढून घेतला. ती चिडेल, ताट लोटून देईल, सगळ्यांना हाक मारेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण तिनं नुसतं विचारलं, अगदी हळू, माझ्याच माहेरच्या बोलीत:

"मंग मी इतके वर्स रडली, अक्का, ते काहाले?"